ठेवावी की प्यावी : फ्रेंच वाइन आणि मराठवाड्याचा उन्हाळा

जमिनीखाली दहा-पंधरा मीटर उतरलं की उन्हाळ्या-हिवाळ्यातला फरक जवळजवळ संपतो आणि तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीवर स्थिरावतं. फ्रान्सच्या शाम्पेन भागात खडूच्या दगडात कोरलेल्या तळघरांत ते दहा-बारा अंशांच्या आसपास असतं. नांदेडची वर्षाची सरासरी सव्वीस-सत्तावीस. म्हणजे नांदेडजवळच्या विष्णुपुरीत हौसेने कुणी कितीही खोल तळघर खणलं, तरी तिथे बोर्दोची बाटली वीस वर्षं मुरणार नाही, काही वर्षांत उतरणीला लागेल. आपल्याकडच्या जुन्या पेवांमध्ये ज्वारी टिकायची, कारण ज्वारीला कोरडेपणा हवा असतो. वाइनला गारवा हवा असतो, आणि तो आपल्या जमिनीतच नाही.

फ्रेंच वाइन आता प्यावी की ठेवावी, यावर इंग्रजीत पुस्तकांचे ढीग आहेत. ती सगळी बारा-चौदा अंशांचं तळघर गृहीत धरून लिहिलेली आहेत. गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रात फ्रेंच वाइनचं काय झालं ते पाहिलं, तर हा प्रश्न आपल्याकडे चवीने फारसा सोडवलेला दिसत नाही. तो सोडवला उन्हाने, आयात शुल्काने आणि काही काळ महावितरणने.

सुरुवात नारायणगावातून करावी लागते. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे इंडेज ही वाइन कंपनी उभी केली आणि शाम्पेनमधलं फ्रेंच तंत्रज्ञान आणून बुडबुड्यांची वाइन काढली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने विकली गेली. ज्या राज्यात पिण्याचा परवाना आजही १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मिळतो, तिथून युरोपच्या बाजारात बाटली पाठवणं हे धाडसच होतं. त्या काळात नांदेडच्या ‘वाइन शॉप’मध्ये वाइन सोडून सगळं मिळे. फ्रेंच बाटली पाहायची तर मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात किंवा आखातातून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेत.

१ एप्रिल २००१ला आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध उठले आणि फ्रेंच बाटल्या उघडपणे दुकानात येऊ लागल्या. त्याच वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, स्थानिक वाइनला अबकारीत सवलत मिळाली. आयात बाटलीच्या वाट्याला मात्र उलटं आलं. अतिरिक्त सीमाशुल्कावरून युरोप-अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, तेव्हा २००७मध्ये केंद्राने ते शुल्क काढलं आणि वाइनवरचं मूळ शुल्क शंभरावरून दीडशे टक्क्यांवर नेलं. महाराष्ट्राने वर आपलं विशेष शुल्क लावलं. शंभर रुपयांची बाटली बंदरावर उतरतानाच अडीचशेची होऊ लागली. पुढचे कर, परवाने, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००८मध्ये, हाँगकाँगने वाइनवरचं शुल्क शून्य केलं. आशियातल्या लिलावांचं केंद्र तिकडे सरकलं आणि २००९-२०१०च्या बोर्दोच्या किमती तिथल्या मागणीने आभाळाला भिडल्या. एका बंदराने दार उघडलं, दुसऱ्याने कुलूप घातलं. संग्राहक कुठे तयार झाले, हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे तेव्हा दुसरंच चाललं होतं. २००५च्या आसपास मराठवाड्यात भारनियमन इतकं होतं की फ्रिजमध्ये दही टिकवणं हीच परीक्षा होती. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वीज अर्धा दिवस गायब. वाइनचा खास फ्रिज तेव्हा कुणी घेतला असता, तरी ते महागडं कपाटच ठरलं असतं. तापमान वर-खाली झालं की बाटलीतला द्रव फुगतो, आकसतो, बूच ढकलतो आणि हवा आत शिरते. फळाचा वास जातो, शिजवलेल्या मनुकांचा येतो. पुण्या-मुंबईत जनरेटर होते. त्यामुळे संग्रहाची हौस तिथेच राहिली.

तरी फ्रेंच बाटल्या इथल्या घरांत शिरल्या, त्या बहुधा मुलांच्या हाताने. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन पोरं परदेशी गेली. विमानतळावर दोन लिटरची सवलत, म्हणून येताना दोन बाटल्या. त्या बैठकीच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीपासून सभ्य अंतरावर, ट्यूबलाइटखाली उभ्या राहिल्या. कोणत्यातरी ‘मोठ्या प्रसंगा’साठी. वाइनचा याहून हमखास घात करणारी जागा शोधून सापडणार नाही : उजेड, उष्णता, आणि उभी ठेवल्यामुळे सुकणारं बूच. जुनी म्हणजे चांगली, ही समजूत आपण व्हिस्कीकडून घेतली, आणि तीही चुकीची. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नाही. वाइन बाटलीत बदलत राहते, पण बहुतेक वाइन बदलून वाईटच होतात. फ्रान्समध्ये होणारी बहुतांश वाइनसुद्धा दोन-चार वर्षांत संपवायची असते.

ठेवण्यासारख्या थोड्या. बोर्दोतल्या मेदोकच्या, १८५५च्या प्रतवारीच्या यादीतल्या नामांकित इस्टेटींच्या, त्यांतही चांगल्या वर्षांच्या : २०००, २००५, २०१०, २०१६. रोन खोऱ्यातली एर्मिताज. गोड सोतेर्न, जिला साखर आणि आम्लता दोन्ही सांभाळतात. २००९ची बोर्दो मऊ, लवकर पिण्याजोगी. २०१३ अशक्त, ती केव्हाच प्यायला हवी होती. बुर्गोन्यच्या पांढऱ्या वाइनबद्दल तर खुद्द संग्राहकच पोळले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनच्या अनेक बाटल्या वेळेआधीच तपकिरी पडल्या आणि मोठ्या नावांवरचा भरवसाही उडाला. बोर्दोच्या शातो लातूरने (आपल्या लातूरशी संबंध नाही) २०१२मध्ये वेगळाच मार्ग धरला. कोवळी वाइन आगाऊ विकणं बंद केलं. आपल्याच तळघरात मुरवून, पिण्याजोगी झाली की बाजारात आणू, असं ठरवलं. टीकाकारांनी नफ्याचा हिशेब काढला. तो असेलही. पण ज्याच्या गावात तळघर होऊच शकत नाही, त्याच्यासाठी मला हीच पद्धत सगळ्यात शहाणी वाटते. मुरवण्याचं काम ज्याच्याकडे गारवा आहे त्याने करावं.

या चाळीस वर्षांत फ्रान्समधून आपल्याकडे खरोखर रुजलं ते बाटलीतलं नव्हे, बागेतलं. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, गंगापूर धरणात अडते आणि शेकडो किलोमीटर वाहून विष्णुपुरीच्या बंधाऱ्यात येते. इथे ती उपसा सिंचनाने वर चढते. पण नदीच्या वरच्या अंगाला, गंगापूर धरणाच्या काठी, १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुला वाइनरीने लुआर खोऱ्यातली शेनॅं ब्लां आणि बोर्दोची सोविन्यों ब्लां लावली. पुढे रोनच्या सिराला नाशिकचं ऊन मानवलं. बोर्दोची काबेर्ने आमच्या हवेत तितकी खुलली नाही, असं माझं मत. फ्रान्सच्या मोएत हेनेसी कंपनीने २०१३मध्ये दिंडोरीची ‘शांदों’ बाजारात आणली. अकलूजच्या फ्रातेलीने बुर्गोन्यचे वाइन-उत्पादक जाँ-शार्ल ब्वासे यांच्यासोबत ‘जनून’ काढली.

शेती मात्र फ्रेंच पुस्तकाप्रमाणे चालत नाही. तिकडे हिवाळ्यात एक छाटणी आणि सप्टेंबरात तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी बहाराची, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा संपवल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करून त्या वाचल्या. आमच्या बागायतदारांनीही अमेरिकन खुंटच घेतला, डॉगरिज. पण किडीसाठी नव्हे, क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी. लातूरजवळच्या औशाच्या शेतकऱ्याला फ्रेंच जाती पाठ नसतील, खुंटाबद्दल तो तासभर बोलेल.

पडझडही झाली. २००८च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली. विस्तारात अडकलेली इंडेज कोसळली, आणि वाइनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक न उरल्याने नाशिककडच्या कित्येकांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. जानेवारी २०२२मध्ये राज्याने सुपरमार्केटात वाइन ठेवायची परवानगी जाहीर केली, अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला, निर्णय कागदावर राहिला. ऊन देशी वाइनलाही सोडत नाही : नाशिकची शेनॅं वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते. ती उन्हाने तापलेल्या दुकानात पडून राहते, आणि ‘भारतीय वाइन बेचव’ असा शिक्का बसतो.

आता वीज बऱ्यापैकी टिकते, बारा-पंधरा बाटल्यांचा वाइन-फ्रिज दोन-तीन वर्षांसाठी पुरतो. त्याहून लांबचा बेत इथे करू नये. दुकानात बाटली उचलताना बूच वर आलंय का, वाइनची पातळी मानेत कुठवर आहे, चिकट ओघळ आहे का, एवढं पाहावं. दुकानाला एसी नसेल तर एप्रिलनंतर फ्रेंच बाटली घेऊच नये. बोजोले, म्युस्काडे, सान्सेर, साधी कोत द्यु रोन किंवा वर्ष न छापलेली शाम्पेन आणली, तर वर्षभरात संपवावी. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम अठरा अंशांच्या घरांचा आहे. आपल्याकडे मार्चनंतर तीही आधी अर्धा तास फ्रिजमध्ये हवी. कुणाकडे २०१६ची चांगली बोर्दो असेल आणि फ्रिज नसेल, तर ती पुण्याच्या आतेभावाकडे ठेवायला द्यावी, किंवा डिसेंबरात, रात्री पारा बारा-तेरावर उतरतो तेव्हा, दोन तास आधी उघडून मटणाबरोबर प्यावी. थोडी तुरट लागेल. पण मुरण्याआधीची तुरट वाइन ही शोकेसमध्ये शिजलेल्या वाइनपेक्षा कधीही बरी.