फळ्याच्या कोपऱ्यातला दिवस

जिल्हा परिषदेच्या शाळेतला परिपाठ कसा असतो हे सांगायला नको. प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा. आणि मधेच पाचवी-सहावीतलं एखादं पोर पुढं येऊन एका दमात 'आजचा दिनविशेष' वाचून मोकळं होतं. अमक्यांचा जन्म, तमक्यांचं निधन. तारीख फळ्याच्या कोपऱ्यात जाते आणि संध्याकाळी पुसली जाते. हिंगोलीत तसंच, शेजारच्या परभणीतही तसंच.

या दोन मिनिटांतून गप्पांचा आणि लेखनाचा अख्खा तास निघतो. अट एकच. दिवस असा निवडायचा, की ज्यावर गाइडात काही छापलेलं नाही आणि मुलाच्या घरात मात्र पुष्कळ सापडेल. थोरांच्या जयंतीचं भाषण मुलं पाठ करतात, कारण त्यात स्वतःचं घालायला जागाच नसते. 13 ऑगस्टच्या डावखुऱ्यांच्या दिवसावर पाठ काय करणार? तिथं आठवावंच लागतं: प्रसादाला पुढं केलेला डावा हात आणि त्यावर आजीची चापट, बाकावर शेजाऱ्याच्या कोपराशी रोजची टक्कर, कागद कापायला नकार देणारी कात्री. वर्गात एकच डावखुरा असला तरी चालतं. त्या दिवशी बाकीच्यांनी डाव्या हातानं चार ओळी लिहून बघाव्यात. अक्षर बघून हसू येतं, आणि मग चर्चेला वेगळं निमंत्रण लागत नाही.

गणितवाल्यांचा 14 मार्च तर आपल्याकडं मुळातच फसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञानसंग्रहालयात लॅरी शॉ यांनी 1988 मध्ये पाय दिन सुरू केला, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात: 3/14. आपण लिहितो 14/3. मग पाय आला कुठून? हा प्रश्न मुलांपुढं टाकून गप्प बसावं. कुणीतरी 22/7 पर्यंत पोचतंच, म्हणजे 22 जुलै. त्या दिवशी सुतळी घेऊन सायकलच्या चाकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जे गोल दिसेल ते मोजावं आणि कसं मोजलं ते लिहावं.

20 मार्चचा चिमणी दिन मूळचा आपल्याकडचाच. नाशिकचे महंमद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांच्या पुढाकारानं तो 2010 पासून पाळला जातो. शाळेत मात्र त्याची 'चिमणी वाचवा' अशी घोषणा होते आणि विषय तिथंच संपतो. त्यापेक्षा मुलांना घरी पाठवावं एक प्रश्न देऊन: आजी, तुझ्या माळवदाच्या घरात चिमणी कुठं राहायची? उत्तरात लाकडी सर येतात, त्यावरची किलचण येते, मातीच्या भिंतीतली भोकं येतात, देवाच्या तसबिरीमागची जागा येते. मग स्लॅब पडला, भिंती गुळगुळीत झाल्या, असं आजी सांगते. चिमणीवर लिहायला बसलेलं मूल गावातल्या घरांचा इतिहास लिहून उठतं, आणि 'किलचण' हा शब्द वहीत येतो तो वेगळाच. असे शब्द तपासताना लाल पेन जरा बाजूला ठेवावा.

10 फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचा कडधान्य दिन असतो. पोषणाचा तक्ता काढून तो साजरा करता येतो. कंटाळा त्यातही येतो. पण त्या सुमारास शिवारात हरभऱ्याला घाटे आलेले असतात. ज्यानं हुळा कधी खाल्ला नाही अशा शहरातल्या मावसभावाला तो कसा भाजायचा हे पत्रानं कळवा, असं सांगून बघा. काड्या किती, जाळ केव्हा विझवायचा, राखेतून दाणे कसे वेचायचे: कृती सांगणारं इतकं नेमकं गद्य मुलांकडून एरवी निघत नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती शिजवण्याचा दिवसही असाच घ्यावा. त्याला कुठल्या जागतिक संस्थेची परवानगी लागत नाही.

आणि काही तारखा तर या जिल्ह्याच्या हक्काच्या आहेत. 14 सप्टेंबर शाळेत हिंदी दिवस म्हणून जातो. पण 2015 साली त्याच दिवशी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याची ती थरथर. तशीच वेधशाळा औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर व्हायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, एकेक चार किलोमीटरची. आपल्या शाळेपासून चार किलोमीटर गेलं तर कुठलं गाव लागतं, इथून सुरुवात करावी. या यंत्राला शांत जमीन लागते, हेही सांगावं.

लगेच कुणीतरी हात वर करील. कारण 10 जुलै 2024 च्या सकाळी हाच जिल्हा 4.5 तीव्रतेच्या भूकंपानं हादरला होता, आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज तर लोकांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहेत. मग इथं लायगो कसं? याचं तयार उत्तर गुरुजींकडंही नसलं तर फार बरं. पुढच्या 10 जुलैला फळ्याच्या कोपऱ्यात जयंती-पुण्यतिथी नको, एवढंच लिहावं: त्या सकाळी तू कुठं होतास, आणि घरातली कोणती वस्तू आधी वाजली?