एका मिनिटाचं वाचन

मूल वाचनात मागे पडलं की त्याचा बुद्ध्यंक काढायचा, आणि त्या आकड्यात व प्रत्यक्ष प्रगतीत मोठी तफावत दिसली तरच मदत द्यायची, अशी अमेरिकी शाळांची जुनी रीत होती. तफावत पुरेशी रुंदावेपर्यंत मूल वरच्या इयत्तेत पोचलेलं असे. म्हणजे नापास होण्याची वाटच पाहायची! विशेष शिक्षणाच्या २००४च्या अमेरिकी कायद्याने ही तफावतीची सक्ती काढली. पर्यायी साधन स्टॅन्ली डेनो यांनी मिनेसोटा विद्यापीठात आधीच घडवलं होतं. मूल एक मिनिट उतारा मोठ्याने वाचतं. शालेय मानसशास्त्रज्ञ चुकलेल्या शब्दांवर पेन्सिलीने रेघ मारतात, बरोबर शब्द मोजून आलेखावर ठिपका देतात. दर आठवड्याला एक. ठिपके चढेनात, तर शिकवण्याची पद्धत बदलायची.

भरभर वाचणं म्हणजे समजणं नव्हे, हा आक्षेप रास्त आहे; पण प्राथमिक वर्गांत हा वेग आकलनाशी चांगलाच जुळतो, कारण अक्षरं लावण्यातच दमलेल्या मुलाकडे अर्थासाठी लक्ष उरत नाही. ठिपक्यांच्या नावाखाली, मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का याची सविस्तर तपासणी रखडते, ही तक्रार मात्र जास्त गंभीर. २०११मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने राज्यांना लेखी कळवलं, की या कारणावरून तपासणी लांबवता येणार नाही.