शेतातून दारात (भाग ५) : गुरुवारी रात्री नऊपर्यंत

मागच्या भागात शेतकऱ्याशी बोली कशी ठरवायची ते पाहिलं. आता दुकान मांडू, ऑनलाइन. उदाहरणाला रायपूरची पंडरी घेऊ. कापड बाजारासाठी ओळखली जाणारी ही वस्ती. देवेंद्रनगर, शंकरनगर, मोवा जवळच, त्यामुळे एका फेरीत बरीच घरं होतात.

साध्या भाजीच्या दुकानात गिऱ्हाईक वस्तू निवडतं, रतीब लावणारं गिऱ्हाईक आठवडा निवडतं. हा फरक न ओळखता लोक वेबसाइटवर पन्नास भाज्यांचे फोटो चढवतात आणि पहिल्याच अवकाळी पावसात त्यातले निम्मे खोटे ठरतात. माझं ठाम मत आहे की, दुकानात दोनच वस्तू असाव्यात : लहान खोकं आणि मोठं खोकं. ‘चार किलो, त्यात दोन पालेभाज्या, बाकी हंगामाप्रमाणे’ एवढाच शब्द द्यावा आणि तो पाळावा. छत्तीसगडात हंगामाला तोटा नाही. थंडीत लाल भाजी आणि तिवऱ्याचा कोवळा पाला, पावसाळ्यात खेकसी, म्हणजे आपली करटोली. न चालणाऱ्या एक-दोन भाज्या कळवायची सोय मात्र हवीच. कोचई घशाला खाजते म्हणून कितीतरी घरांत येत नाही.

आता खरी कळ. खोकं रविवारी पहाटे पोचवायचं, तर ‘या आठवड्यात नको’ हे बटण गुरुवारी रात्री नऊला बंद झालं पाहिजे. शुक्रवारी शेतकऱ्याला आकडा कळवायचा, शनिवारी ऊन उतरल्यावर तोडणी, रात्री भरणी. मे महिन्यात रायपूरचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, दुपारी तोडलेली लाल भाजी संध्याकाळपर्यंत मान टाकते. चाळीस घरांपैकी सहा घरांनी शनिवारी नकार कळवला, तर चोवीस किलो भाजी अंगावर पडते. म्हणून बटण पहिल्याच पानावर, ठळक हवं. ते लपवलं की लोक एक आठवडा टाळत नाहीत, रतीबच बंद करतात.

पैशांचं वेळापत्रकही त्याच घड्याळाला बांधावं. यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खात्यातून पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना जावी लागते. शुक्रवारी दुपारी वसुली ठेवली, तर सूचना गुरुवारी सकाळी जाते आणि नऊ वाजायच्या आत गिऱ्हाइकाला आयती आठवण होते. ज्या आजी-आजोबांना हे जमत नाही, त्यांच्या फोनवरच्या ऑर्डरी आपण नोंदवाव्यात, पण त्याच यादीत. वेगळी वही ठेवली की हिशेब फाटतो.

जपानमध्ये १९७० च्या दशकात रुजलेली ‘तेइकेई’ ही शेतकरी-ग्राहक भागीदारी, अमेरिकेत १९८६ पासूनची अशाच भागीदारीची शेतं, मुंबईची ‘हरी भरी टोकरी’, सगळीकडे ग्राहक आगाऊ पैसे देऊन शेतकऱ्याच्या जोखमीत वाटा उचलतात. पण पंडरीत पहिल्याच महिन्यात अख्ख्या हंगामाचे पैसे मागू नयेत. आधी चार खोकी वेळेवर पोचू द्यावीत.

अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक वेबसाइटवर दिसू द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि परताव्याची अटही द्यायची. तक्रारीची पोच ४८ तासांत.

पुढच्या भागात : खोकी भरताना तळाला काय, वर काय, आणि रिकामी खोकी परत कशी आणायची.