पोटाचं ऑपरेशन आणि घरोघरच्या समजुती

गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. "आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको." "गॅस पास होईस्तोवर तोंडात काही घालायचं नाही." "जास्त हलू नकोस, टाके तुटतील." यातलं बरंचसं एके काळी डॉक्टरच सांगत, म्हणून ते इतकं पक्कं बसलंय. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी आतड्याच्या ऑपरेशनांत असल्या रूढी तपासून पाहिल्या. रुग्णाला लवकर हिंडतंफिरतं करणारी 'ईरास' ही उपचारपद्धत त्यातूनच उभी राहिली. स्त्रियांच्या कर्करोगांसाठीची तिची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ साली आली आणि २०१९मध्ये सुधारली गेली.

आधी उपासाचं बघू. भूल दिल्यावर पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी बाळंतिणींमध्ये दाखवलं. भीती खरी होती, पण तिच्यापोटी 'मध्यरात्रीनंतर काहीच नाही' हा सरसकट नियम रुजला. प्रत्यक्षात पाणी पोटातून झपाट्यानं पुढे सरकतं. आजचा नियम असा : हलकं खाणं भुलेच्या ६ तास आधीपर्यंत आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधीपर्यंत. मात्र आपला चहा यात बसत नाही, कारण त्यात दूध असतं आणि दुधाची गणना खाण्यात होते. कोरा चहा चालतो. गाठीमुळे आतडं अडलं असेल किंवा मधुमेहानं जठर मंदावलं असेल तर हिशेब बदलतो. तो भूलतज्ज्ञांनीच करायचा.

ऑपरेशननंतरच्या खाण्याबद्दल तर आपल्याकडे स्वतंत्र शास्त्रच आहे. भातानं पू होतो, दह्यानं टाके पिकतात, डाळ वातूळ, अंडं उष्ण. मग ती बाई चार-चार दिवस पातळ पेजेवर. पू होतो तो जंतुसंसर्गामुळे, भातामुळे नव्हे. उलट जखम भरून यायला प्रथिनं लागतात, आणि ज्या डाळ-अंडी-दह्यावर बंदी घातली जाते त्यांतूनच ती मिळतात. कर्करोगानं आधीच वजन उतरलेल्या बाईला प्रेमापोटी उपाशी ठेवण्याचा हा प्रकार मला सगळ्यांत घातक वाटतो. ईरासनुसार बहुतेक रुग्णांना २४ तासांच्या आतच नेहमीचं जेवण सुरू करता येतं, गॅस पास होण्याची वाट न बघता. च्युइंगगम चघळल्यानं आणि कॉफीनंही आतडी लवकर जागी होतात. आतड्याचा तुकडा काढून जोडलेला असेल, तर मात्र सर्जन सांगतील तसं.

टाके चालण्यानं तुटत नाहीत. पहिल्याच दिवशी, आधार घेऊन का होईना, उठून बसावं, खोलीतल्या खोलीत चालावं. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि छातीत कफ साठतो. चालायचं तर दुखणं आटोक्यात हवं. म्हणून पॅरासिटामॉलसारखी औषधं ठरल्या वेळी द्यायची आणि गुंगी आणणारी, आतडी सुस्तावणारी मॉर्फिनसारखी औषधं कमीत कमी ठेवायची. 'सोसावं थोडं' हा सल्ला इथे कामाचा नाही. लघवीची नळीही शक्यतो २४ तासांत काढतात. गर्भाशयमुखाच्या मोठ्या ऑपरेशनात ती जास्त दिवस लागू शकते.

"लवकर बरं व्हायचं तर दुर्बिणीतूनच करा," हाही एक समज. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात २०१८च्या मोठ्या चाचणीनं उलटंच दाखवलं : दुर्बिणीच्या मोठ्या ऑपरेशनानंतर रोग उलटण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्यापेक्षा जास्त निघालं. ईरास दोन्ही पद्धतींत लागू पडते.

"लवकर घरी पाठवलं म्हणजे खाट रिकामी करून घेतली," असा संशय नातेवाइकांना येतो. काही रुग्णालयांचं वर्तन बघून कधी कधी तो यावा असंही असतं. पण अनेक अभ्यास एकत्र पाहता ईरासमुळे मुक्काम सरासरी सुमारे दीड दिवसानं घटला, आणि तरीही पुन्हा भरती होण्याचं प्रमाण वाढलं नाही. खाणं, चालणं जमतंय, दुखणं गोळ्यांवर भागतंय, हे पाहूनच सुट्टी द्यायची असते.

तयारी मात्र आधीच सुरू होते : रक्त कमी असेल तर ते वाढवणं, किमान ४ आठवडे तंबाखू बंद. शिफारस धूम्रपानाबद्दल आहे, पण निकोटीन मिसरीतूनही रक्तात उतरतं. 'मी कुठे सिगारेट ओढते' म्हणणाऱ्या मावशींनी मिसरीची डबी डॉक्टरांपासून लपवू नये.

पोट उघडून झालेल्या कर्करोगाच्या ऑपरेशनानंतर गुठळ्या टाळण्याची इंजेक्शनं साधारण २८ दिवस चालतात. टाके निघाले म्हणून ती मनानं बंद करू नका. आणि घरी आल्यावर ताप, एका पोटरीला सूज, दम लागणं, सतत उलट्या, जखमेतून पू किंवा अंगावरून दुर्गंधी स्राव, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या ओपीडीची वाट बघत बसू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.