गुडघा बदलण्यापूर्वी

डॉक्टरांनी आईचा एक्स-रे उजेडासमोर धरला, 'कूर्चा झिजली आहे, गुडघा बदलावा लागेल' असे सांगितले, आणि घरी परतताना रिक्षात कोणी फारसे बोलले नाही. हा प्रसंग कदाचित आपल्याही घरात घडला असेल. अशा वेळी इतकेच ध्यानात ठेवावे, की एक्स-रेमध्ये झीज दिसते, वेदना दिसत नाही. हाडाला हाड टेकलेले असूनही रोज भाजी आणायला चालत जाणारी माणसे असतात, आणि किरकोळ झिजेने रात्र रात्र जागणारीही असतात. म्हणून आईलाच विचारावे. किती पायऱ्या चढवतात? वेदनेने झोपमोड होते का? कोणते काम सोडून द्यावे लागले? 'माझं काय आता, तुम्ही ठरवाल तसं' हे तिचे उत्तर स्वीकारू नये.

सांध्याला संसर्ग वा अन्य तातडीचे कारण नसेल, तर या शस्त्रक्रियेला सहसा घाई नसते. मधल्या काही महिन्यांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीचे स्नायू बळकट करावेत. शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. उपाय कंटाळवाणा आहे, हे मान्य! दुर्बिणीतून सांधा 'धुऊन' घेण्याचा मोह मात्र टाळावा. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना केवळ वरवरचे छेद देण्यात आले होते. प्रत्यक्ष सांधा साफ केलेल्या रुग्णांना त्यांच्यापेक्षा अधिक आराम पडला नाही.

एवढे करूनही वेदना हटत नसेल, तर शस्त्रक्रियेची भीती बाळगण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातू व प्लॅस्टिकचा खुब्याचा सांधा यशस्वी करून दाखवला. गुडघ्याचे रोपण त्यामागून आले. आज असे दहांपैकी सुमारे आठ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. वयाचा विचार मात्र हवाच. सत्तरीनंतर बसवलेला गुडघा पुन्हा बदलण्याची वेळ क्वचित येते. पन्नाशीच्या आरंभी शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांपैकी जवळजवळ एकतृतीयांशांवर ती पुढे येते. शिवाय पाचांपैकी सुमारे एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण समाधानी नसतो. यामागे अपेक्षाभंगही असतो. नव्या गुडघ्याने चालणे सुधारते, परंतु मांडी घालून जेवायला बसणे किंवा उकिडवे बसणे अनेकांना जमत नाही. पूजेला जमिनीवर बसणे आईला प्राणप्रिय असेल, तर ही गोष्ट तिला आधी कळायला हवी.

जाहिरातीतल्या रोबोटने फार दिपून जाऊ नये. तो रोपण अचूक बसवण्यास साहाय्य करतो. परंतु त्यामुळे वर्षानुवर्षे वेदना कमी राहते, हे अद्याप निःसंशय सिद्ध झालेले नाही. रोपणांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तेव्हा अंदाजपत्रकात रोपणाची किंमत वेगळी लिहून मागावी. रुग्णालयाचा उर्वरित खर्च त्या मर्यादेत येत नाही.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करण्याचा सल्ला मिळाला, तर आईचे हृदय आणि फुप्फुसे तो ताण सोसतील का, हे तारीख ठरवण्याआधी स्पष्टपणे विचारावे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणून मगच दाखल व्हावे. आणि घरात पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय नसेल, तर त्याची सोय तिला रुग्णालयात नेण्यापूर्वीच करून ठेवावी.