फुरसुंगीचा पोरगा आणि पनवेलची रद्दी

भा. रा. भागवत २७ ऑक्टोबर २००१ रोजी गेले. येत्या दिवाळीच्या तोंडावर त्याला पंचवीस वर्षं होतील. मग चार लेख येतील, प्रत्येकाच्या मथळ्यात त्यांच्या बालनायकाचं, फास्टर फेणेचं ‘ट्टॉक्’ असेल आणि वीस पुस्तकांचा संच सवलतीत मिळेल. माझं दुखणं त्या संचाशीच आहे. यंदा इमारत पुनर्विकासाला गेली आणि आमच्या बाजूचं जुन्या पुस्तकांचं दुकान उठलं. त्याच आठवड्यात भाचीने मुलासाठी फोनवरून अख्खा फास्टर फेणे मागवला. दोन दिवसांत खोकं दारात! पोरासाठी शोधायचं काही शिल्लकच ठेवलं नाही.

ही पुस्तकं सत्तरच्या दशकात येऊ लागली. आम्ही त्यांच्या तावडीत सापडलो ते ऐंशीच्या दशकात. त्या वेळचं आमचं पनवेल म्हणजे एसटी स्टँड. पुण्याच्या आणि गोव्याच्या, दोन्ही रस्त्यांच्या गाड्या इथे थांबायच्या. हार्बरची लोकल यायला १९९८ उजाडलं. त्यामुळे पुस्तकंही एसटीनेच यायची. पुण्याला लग्नाकार्याला गेलेला काका अप्पा बळवंत चौकातून एखादं घेऊन येई. त्याला नाव सांगितलेलं असे ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, आणि तो आणी घरात आधीच असलेलं ‘जवानमर्द फास्टर फेणे’. दुसरी प्रत घरात शिरली ती अशी. मग लक्षात आलं की मुखपृष्ठ निराळं आहे, आणि तिथून व्यसन लागलं.

रद्दीत मिळणाऱ्या प्रती बहुधा वाचनालयांनी बाद केलेल्या असत. बाइंडिंगला गेलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ गायब, कडा कापलेल्या, वर जाड पुठ्ठा आणि जांभळा शिक्का. गोष्ट शाबूत, पण राम वाईरकरांच्या चित्राचा पाय कापलेला. मग चित्रासाठी दुसरी प्रत, मुखपृष्ठासाठी तिसरी. पुढे ‘टिंकल’मध्ये सुप्पंडी रंगवणारे वाईरकर ते हेच. त्यांचा किडकिडीत बनेश, म्हणजे फास्टर फेणे, मी पाहिला तो आधी जुन्या प्रतींच्या जाड कागदावर, म्हणून गुळगुळीत कागदावरचा आजही मला त्याचा चुलतभाऊ वाटतो.

घरच्यांचं म्हणणं, गोष्ट तीच ना, मग एकाच पुस्तकाच्या पाच प्रती कशाला? शाळेतले एक मास्तर तर बालवाङ्मयात संस्कार नसतील तर ते वाङ्मयच नाही, अशा मताचे. त्यांनी वर्गात जप्त केलेली प्रत परत दिली नाही. त्यांच्या घरी ती कोणीतरी मिटक्या मारत वाचली असणार, याची मला खात्री आहे. भागवतांचाच दुसरा नायक बिपिन बुकलवार हा पट्टीचा पुस्तककिडा. त्याला तरी माझी बाजू पटली असती.

१९८७मध्ये दूरदर्शनवर मालिका आली. बनेश हिंदी बोलायला लागला हे काही आम्हाला पचलं नाही, पण सुमीत राघवन शोभला, हे कबूल. नव्वदचं दशक मी गाळतो. केबल आली, कॉलन्या वाढल्या, बाकी सांगण्यासारखं काही नाही. २०१७चा सिनेमा भागवतांच्या स्मृतिदिनीच लागला. त्यात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसतो, म्हणजे पोराचा पोरपणा काढून घेतला. दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भागवतांना पडद्यावर आणलं, एवढं मात्र चांगलं केलं. इकडे बनेशचं गाव फुरसुंगी पेपरात येतं ते कचरा डेपोपायी. आणि आमच्या पनवेलला गेल्या डिसेंबरपासून विमानं उतरतात. ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ वाचायला याहून योग्य गाव नाही, फक्त त्याची जुनी प्रत या गावात आता मिळत नाही.

नव्या छपाया वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अक्षर मोठं, कागद पांढरा, पोरं वाचतात, हे उत्तमच. पण मराठी पुस्तकात किंमत आणि मुद्रक छापतात ते पान उघडून बघा. साध्या पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणतात, मूळ प्रकाशनाचं साल अनेकदा नसतंच, आणि चित्रकाराला जागा मिळाली तर मिळाली. कुठल्या प्रतीत किती चित्रं गळली, हे जुन्या-नव्या प्रती शेजारी ठेवल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. माझं कपाट भरलं ते यापायी.

तेव्हा या पंचवीस वर्षांच्या निमित्ताने मराठी बालसाहित्याच्या प्रकाशकांकडे मागणी एकच: जुनं पुस्तक पुन्हा छापताना पहिलं साल आणि चित्रकाराचं नाव छापा. आणि पनवेलकरांनो, माळा आवरताना जुना फास्टर फेणे सापडला तर किलोच्या भावाने घालू नका. कळवा, मी येऊन घेऊन जाईन, आणि भावही रद्दीवाल्यापेक्षा बरा देईन.