पॉलियुरेथेन प्रत्यास्थके

पॉलियुरेथेन प्रत्यास्थके : ज्यांच्या रेणूंत युरेथेन गट पुनःपुन्हा येतो आणि जी रबराप्रमाणे ताणली जाऊन ताण काढताच बहुतांशी मूळ आकार धारण करतात, अशी संश्लिष्ट बहुवारिके (अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेली मोठ्या रेणूंची संयुगे). पादत्राणांचे तळवे, यंत्रांतील रूळ, चाके, जलदाबी यंत्रणांतील सील व स्थितिस्थापक धागे यांसाठी ती वापरतात.

पॉलियुरेथेनांचे संश्लेषण जर्मनीतील ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये केले. या वर्गातील स्पँडेक्स हा तंतू १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधून काढला.

संश्लेषण : डाय-आयसोसायनेट आणि दोन्ही टोकांस हायड्रॉक्सिल गट असलेले पॉलिऑल (रेणुभार सामान्यतः १,००० ते २,०००) यांच्या विक्रियेने युरेथेन बंध तयार होतो. या विक्रियेत कोणताही उपपदार्थ बाहेर पडत नाही. प्रचलित पद्धतीत आयसोसायनेट जादा घेऊन प्रथम पूर्वबहुवारिक बनवितात. ते निर्वात करून त्यात १,४-ब्युटेनडायॉलासारखा शृंखलाविस्तारक मिसळतात, मिश्रण तापविलेल्या साच्यात ओततात आणि सु. १००° से. तापमानास काही तास ठेवून पक्व करतात. कच्चा माल कोरडा असणे आवश्यक असते. कारण आयसोसायनेटाची पाण्याशी विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण होतो व वस्तूत बुडबुडे राहतात. फेस बनविताना हाच दोष उपयोगी पडतो.

यांत्रिक गुणधर्म : पॉलिऑलापासून बनलेले शृंखलेचे भाग मऊ व लवचिक असतात, तर आयसोसायनेट व विस्तारक यांपासून बनलेले भाग कठीण असतात. कठीण भाग हायड्रोजन बंधांमुळे एकत्र येऊन सूक्ष्म पुंज बनवितात व ते मऊ भागांना गाठींप्रमाणे बांधून ठेवतात. दोहोंचे प्रमाण बदलून खोडरबराइतक्या मऊ पदार्थापासून कठीण प्लॅस्टिकापर्यंत हवी ती कठिनता मिळविता येते. ताणबल बहुधा २० ते ६० मेगॅपास्काल असते व तुटण्यापूर्वी लांबी ३०० ते ७०० टक्क्यांनी वाढू शकते. झीज व फाटणे यांना होणारा विरोध आणि तेलरोधकता हे यांचे विशेष गुण होत. मात्र वेगाने व वारंवार वाकविल्यास आत उष्णता साचते आणि सु. ८०° से.च्या वर दीर्घकाळ वापरल्यास बल घटते.

आर्द्रतेचा परिणाम : पॉलिएस्टर पॉलिऑलापासून बनविलेल्या प्रत्यास्थकातील एस्टर बंध पाण्याच्या बाष्पाने तुटतात. त्यातून निर्माण होणारे अम्ल ही क्रिया आणखी वेगाने घडविते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता सामान्यतः ८० टक्क्यांहून अधिक असते. म्हणून गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशा भागांतील घरांत काही वर्षे कपाटात पडून राहिलेल्या बुटांचे तळवे पायात घालताच भुगा होऊन गळतात. ते वापराने झिजलेले नसतात. पॉलिईथर प्रकार पाण्यास अधिक टिकतो, परंतु प्रकाश व ऑक्सिजन यांमुळे तो तुलनेने लवकर खराब होतो. त्यामुळे वस्तू कोठे वापरली जाईल हे पाहूनच पॉलिऑल निवडावे लागते.

आरोग्यविषयक दक्षता : पक्व झालेला पदार्थ सामान्य वापरात निरुपद्रवी असतो; परंतु आयसोसायनेटांच्या वाफांनी कामगारांना दमा जडू शकतो व एकदा अतिसंवेदनशीलता आल्यास अत्यल्प मात्राही त्रासदायक ठरते. काही प्रकारांत वापरला जाणारा मोका हा विस्तारक कर्करोगजनक आहे. लहान कारखान्यांतही वाफा शोषून घेणारी वायुवीजन व्यवस्था, हातमोजे व कोरडी साठवण अनिवार्य होय. १९८४ मध्ये भोपाळ येथे गळती झालेले मिथिल आयसोसायनेट याच कुलातील असले, तरी त्यात एकच आयसोसायनेट गट असल्याने त्यापासून अशा शृंखला बनत नाहीत. पॉलियुरेथेन जळल्यास धुरात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असू शकतो, म्हणून दाट वस्तीतील साठ्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते.

मुंबईत बहुवारिकांच्या शिक्षणाचे व संशोधनाचे प्रमुख केंद्र माटुंगा येथे आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेस २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने ती ओळखली जाते.